शैलाची कॅसेट आणि आम्ही ऐकणारे

कॅसेटच्या दुकानात किस्से धुळीसारखे साठतात. रोज फडकं मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! साताऱ्यात माझं दुकान होतं आणि मागं काचेच्या दाराची रेकॉर्डिंगची एवढीशी खोली. नव्वदीतल्या त्या वर्षांतले बरेच किस्से मी चारचौघांत हसत सांगतो. शैलाच्या कॅसेटचे सांगताना मात्र मान खाली जाते. पण आज तुम्हीच विषय काढलात.

शैला कोरेगावची. विशीतली, डी.एड. करणारी पोरगी. वडील फौजेत सुभेदार. परदेशातल्या ड्यूटीवरनं त्यांनी तिकडच्या काळ्या लोकांच्या सोल गाण्यांच्या कॅसेटी आणलेल्या. शब्द कळत नव्हते, पण पोरीनं तो ढंग उचलला. आवाज जाड, खरबरीत, थेट छातीतनं येणारा. तिनं आठ मराठी गाणी बांधली, मी कीबोर्ड वाजवला आणि तिची पहिली कॅसेट निघाली.

*

रेकॉर्डिंगला तिची आई आली होती. मी तोऱ्यात म्हणालो, "काकू, हे सोल आहे, सोल!"

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं. "काय सोलू? लसूण तर कुटं दिसत न्हाई!"

आम्ही वाजवणारे एवढे हसलो की टेक वाया गेला. शैला हसली नाही.

"आईला हसतोस कशाला, दादा? सोल म्हंजे काय ते तू सांग की तिला."

मला तरी कुठं माहीत होतं!

*

कॅसेट बाजारात आली आणि पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू. "आवं, टेप स्लो पळतीया!" पोरीचा आवाज इतका खाली असतो हे कुणाला पटेचना. एक मेकॅनिक तर अख्खा टेपरेकॉर्डर उचलून दुकानात घेऊन आला.

"नवा बेल्ट टाकला, मोटार बदलली, तरी बाई बाप्याच्याच आवाजात गातीया!"

'अहो, आवाजच तसा आहे तिचा,' एवढं वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "लॉट खराब आलाय," आणि त्याला सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट बदलून दिली.

दोन दिवसांनी शैला आली. "दादा, लॉट खराब निघाला म्हणं?"

मी मान डोलावली. बिचारी मलाच म्हणाली, "तुझं लय नुकसान झालं रं!"

*

फलटणच्या एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामानं तीच कॅसेट लावायला दिली. कव्हरवर साडीतली हसरी मुलगी, म्हणजे गाणीही लग्नाचीच असणार! मीही पाहुणा म्हणून पंगतीत होतो.

तिसरं गाणं संथ होतं. कर्ण्यातनं तो आवाज मांडवभर पसरला आणि बायकांनी एकेक करत पदर डोळ्यांना लावले. नवरीची आई तर हुंदके द्यायला लागली.

मामा धावत आला. "अजून पोरगी मांडवातच हाय! आत्ताच रडारड कुणी लावली रं?"

स्पीकरवाल्यानं कॅसेट उपटली. तेवढ्यात नवरीची आजी कळवळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गड्या! लय दिसांनी मोकळं वाटत हुतं."

कुणीतरी मला विचारलं, "ही गाणारी तुमच्या साताऱ्याकडचीच का हो?" मी पान पुढं सरकवलं आणि म्हणालो, "वरण वाढा."

*

पुढचा किस्सा सांगलीचा. तिथल्या एका कार्यक्रमात मी साथीला होतो. शैलाला मीच हौसेनं सोबत नेलं होतं, मोठ्या माणसांच्या ओळखी होतील म्हणून. मध्यंतरात एक जाणते बुवा ती कॅसेट हातात घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"हे गाणं म्हणायचं की घसा धरलाय? आणि कव्हरवर 'संगीत: भरत' लिहिलंय, ते आपणच का?"

भोवती दहाबारा माणसं. सगळी माझ्याकडं बघायला लागली.

"छे छे! तो भरत वेगळा," मी म्हणालो. "तो फलटणचा."

सगळे हसले. मीही हसलो. वळून बघतो तर शैला मागं उभी, दोन्ही हातांत चहाचे कप. एक तिनं माझ्या हातात दिला.

"साखर कमी हाय, भरतदादा."

एवढंच बोलली! तो चहा मला अजून गिळायचाय.

*

वर्षभरानंतरची गोष्ट. शैला कुठल्याशा शाळेत मास्तरीण म्हणून लागली होती. एका दुपारी ती दुकानात आली. घरची कॅसेट पाहुण्यांनी नेली, म्हणून स्वतःसाठी एक हवी होती.

मी रॅकमध्ये शोधल्यासारखं करत राहिलो. एकही नव्हती. खपल्या नाहीत, तेव्हा वर पुन्हा भरता यावं म्हणून सगळ्यांच्या कडेच्या खाचा मीच कागदानं बुजवल्या होत्या आणि तिच्या गाण्यांवर भजनं भरून विकली होती. हे तिला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दारात आले. अंगात धुवट सदरा, डोक्याला टोपी. आटपाडीहून दोन गाड्या बदलून आले होते. त्यांनी पिशवीतनं माझ्याच दुकानाची भजनाची कॅसेट काढली.

"ह्यात दोन भजनांच्या मधी एक बाई हाय," ते म्हणाले.

"बाई?"

"व्हय. एक भजन संपतंय, दुसरं सुरू व्हायच्या आत ती वाईच गाती. एक ओळ. मग तुटती." त्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली. "आमचं पोरगं फौजेत गेलं. परत आलं न्हाई. तवापास्नं घरची मालकीण कुणासंगं बोलत न्हवती. ही ओळ ऐकली आन् म्हणाली, परत लावा. आता रोज तेवढीच ओळ लावतो. भजनं ऱ्हाऊ द्यात. मला ती मधली बाई पुरी द्या."

मी कॅसेटकडं बघत राहिलो. शैलाकडं बघायची माझी टाप नव्हती.

तिनं कॅसेट उचलली. खाचेवर चिकटवलेल्या कागदावरनं अंगठा फिरवला. मग रॅकमधनं एक कोरी कॅसेट काढली, रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, "आत बसा, बाबा. ओळ कंची ते सांगा."

मी कीबोर्डची वायर उचलली आणि मागोमाग निघालो.

"तुम्ही नको," शैला मला म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा."

दार लागलं. काचेतनं मला एवढंच दिसलं, की म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.