झिवादिनचं कूमपण

झिवादिन ओब्रादिनोविचला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या. एक आवाज, आणि दुसरी म्हणजे स्वतःबद्दलचं चांगलं मत. आमच्या लिपोवात्सच्या स्टेशनात तो गाड्यांच्या घोषणा करायचा. तिथला भोंगा बिघडला तरी कुणाचं काही अडत नसे, कारण निश शहराची गाडी उशिरा येतेय हे मोरावा नदीपलीकडच्या मिरचीच्या मळ्यांतही ऐकू जाई. पुढं देशाचे तुकडे पडायला लागले, जो तो राष्ट्र-राष्ट्र करायला लागला, आणि मायभूमी पक्षाला ते राष्ट्र लांबवर पोचवणारा माणूस हवा झाला. झिवादिन त्यांना आयताच सापडला.

भाषणात तो काय बोलायचा ते आता आठवून सांगायला त्याचे मित्रही तयार नसतात. आपली माती, आपलं रक्त, आपली माणसं. आपली माणसं कोण, हे मात्र तो कधी नीट सांगत नसे, आणि लोकही विचारत नसत. टाळ्या पडायच्या, नंतर कोकरू भाजलं जायचं, आणि राकिया दारूच्या तिसऱ्या पेल्यानंतर सगळेच आपले वाटायचे. सगळे म्हणजे, स्टेशनामागच्या माहालातले, म्हणजे झोपडवस्तीतले, जिप्सी सोडून. ती वस्ती हटवून गाव स्वच्छ करू, असं त्यानं एका सभेत ठणकावून सांगितलं होतं. तो नगरपालिकेत निवडून आला त्यात त्या वाक्याचाही वाटा होता.

मग तो संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला. पोस्टर लावायला पक्षानं पोरं दिली होती, पण ती त्याचा चेहरा वाकडा चिकटवायची आणि ते त्याला सोसवत नसे. म्हणून उजाडायच्या आत तो स्वतःच बादलीभर खळ आणि पोस्टरांची गुंडाळी घेऊन निघायचा. असाच एका सकाळी तो माहालाकडं जाणाऱ्या चौकात आला. रस्त्याच्या मधोमध पीठ मळायची लाकडी काठवट ठेवली होती, आणि तिच्यात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

झिवादिननं बादली खाली ठेवली. हात पँटला पुसले, पण खळ काही जाईना. बाळ गारठलं होतं, ओठ हलत होते, रडण्याइतकीही ताकद नव्हती. तो वाकला आणि त्यानं बाळाला उचलून कोटाच्या आत घेतलं.

त्यासरशी आलुबुखारच्या झाडाआडून एक म्हातारी आणि तिची सून, दोघी धावत आल्या.

"कूम!" म्हातारी ओरडली. "देवानंच धाडला बाबा तुला! कूम!"

तेव्हा कुठं झिवादिनच्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं नवं मूल चौरस्त्यात ठेवतात. पहिला येईल तो त्या मुलाचा कूम, म्हणजे धर्मबाप. तोच बाप्तिस्म्याला त्याला हातात धरतो आणि तोच नाव ठेवतो. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांना कूम म्हणतात आणि एकमेकांचं वाईट करत नाहीत. नाही म्हणायची सोय नसते. सख्ख्या भावाशी कोर्टकचेरी करणारा माणूसही कूमला शब्दानं दुखवत नाही.

"अहो, पण मी..." झिवादिन म्हणाला. एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी घशातल्या घशात राहिला.

"तुम्हीच," सून म्हणाली. तिचं नाव झ्लातिया. बाजारात मिरच्या विकायची, आणि जीभही तशीच. "दोन गेली माझी. ही तिसरी. नाव ठेवा आता, आणि हात सांभाळा, दुपटं चिकटलंय तुम्हाला."

त्यानं पोरीचं नाव स्तोयांका ठेवलं. टिकून राहो, अशा अर्थानं जुनी माणसं हे नाव ठेवायची. पण बाप्तिस्मा त्यानं आपल्या चर्चमध्ये होऊ दिला नाही. लांबच्या एका मठात, आठवड्याच्या मधल्या वारी, गुपचूप उरकून टाकला. मतदारांना कळलं तर? कळायचं ते कळलंच. मग तो हसत सांगायचा, "काय करता! नशिबानं गळ्यात पडलं. मी जरा उशिरा निघालो असतो तर पोस्टमन कूम झाला असता."

पोरगी जगली. झिवादिन बेलग्रेडला खासदार झाला आणि पुढं पक्षानं त्याला लिपोवात्सचा नगराध्यक्षही केला. दर वर्षी घरच्या संताच्या सणाला पुढच्या दारानं पक्षाची मंडळी यायची आणि मागच्या दारानं झ्लातिया पोरीला घेऊन यायची. झिवादिनची बायको रोसांदा तिला स्वयंपाकघरात बसवायची. बैठकीतलं हसणं तिथवर ऐकू यायचं. एकदा झिवादिन ओशाळून म्हणाला, "कूमा, आत गर्दी आहे गं, म्हणून इथं..."

"असू द्या की," झ्लातिया सूप ओरपत म्हणाली. "चुलीपाशी गरम मिळतं. त्या बिचाऱ्यांना तुमचं भाषण ऐकत गार खावं लागतं."

आणि मग ती परदेशी कंपनी आली. तिला स्टेशनामागची जागा गोदामासाठी हवी होती, सगळीच्या सगळी. माहालातल्या लोकांना गावाबाहेर, खडीच्या खाणीजवळ पत्र्याच्या खोल्या द्यायच्या, असा ठराव आला. पालिकेत मतं जवळजवळ सारखी होती, पारडं झिवादिनच्या हातावर झुकणार होतं. पक्षाचा सरचिटणीस ओग्न्येन खास बेलग्रेडहून आला. त्यानं झिवादिनच्या खांद्यावर हात टाकला.

"एवढा एक ठराव पार पाड," तो म्हणाला, "आणि रेल्वेचा राज्यमंत्री हो. साहेबांशी बोलणं झालंय."

रेल्वेचा राज्यमंत्री! झिवादिन घरी येऊन कितीतरी वेळ बूटही न काढता बसून राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या ओरडून सांगितल्या, आता सगळ्या गाड्या त्याच्या होणार होत्या. रोसांदानं तर बेलग्रेडच्या घरासाठी पडद्यांचं कापडही बघून ठेवलं. पण कूमच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं कसं? दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी त्यानं एक तोड काढली. झ्लातियानंच या नात्यातून सोडवलं तर?

दुपारी तो माहालात गेला. झ्लातिया अंगणात मिरच्या भाजत होती.

"पत्र्याच्या खोल्या चांगल्या आहेत," त्यानं सुरुवात केली. "नळ असणार आहे."

"खाणीत सुरुंग लावतात तेव्हा नळालाही कंप सुटत असेल."

"कूमा, हे बघ. आपलं नातं मी नाकारत नाही. पण ते जुळलं कसं, तूच सांग. योगायोगानं. त्या दिवशी मी पहिला आलो, एवढंच ना?"

झ्लातियानं चिमटा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. "पहिले? तुम्हाला कुणी सांगितलं तुम्ही पहिले होतात?"

"म्हणजे?"

"तुमच्या आधी एक सायकलवाला येऊन गेला. त्यानं बघितलं आणि सायकल वळवून घेतली. मग दुधाच्या बरण्या घेऊन एक बाई आली. छातीवर क्रॉसची खूण केली, पलीकडच्या कडेनं गेली. सासू झाडाआड बसून रडत होती, म्हणत होती, रीत पहिल्याची आहे, आता संपलं. मी म्हटलं, गप बसा. जो वाकेल तो पहिला."

झिवादिन मिरच्यांच्या धुराकडं बघत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरानंच, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं.

"मला बोलली नाहीस कधी."

"पोस्टर लावत हिंडत होतात. आधीच फुगलेले, आणखी कशाला फुगवायचं?"

"मला ठाऊक नव्हतं मूल कुणाचं आहे ते."

"ठाऊक होतं," झ्लातिया शांतपणे म्हणाली. "त्या चौकाला लागून आमचीच घरं. दुसऱ्या कुणाचं घरच नाही तिथं."

त्याला ठाऊक होतं. बादली खाली ठेवतानाच ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यानं आपल्या एकुलत्या एका चांगल्या कामाला नशिबाच्या गळ्यात बांधून ठेवलं होतं, आणि ही बाई ते जपत बसली होती. मतं मागावी लागली नव्हती, आवाज चढवावा लागला नव्हता. कुणीतरी त्याला बघितलं होतं आणि हाच हवा म्हटलं होतं. झिवादिनला तिचे पाय धरावेसे वाटले. पण माणूस अवघडलेला, त्यानं नुसती मान हलवली आणि एक गरम मिरची तोंडात टाकून निघाला.

ठरावाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. आता झिवादिन तासभर बोलणार म्हणून बऱ्याच जणांनी आधीच कॉफी पिऊन घेतली होती. ओग्न्येन पहिल्या रांगेत बसला होता. झिवादिन उभा राहिला आणि साध्या आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला,

"माझं मत विरोधात. तिथं माझे कूम राहतात."

आणि खाली बसला.

त्याला देशद्रोही म्हणता आलं असतं, विकला गेला म्हणता आलं असतं, आणि त्याची उत्तरंही तिथल्या प्रत्येकाला पाठ होती. हे ऐकून मात्र ज्याला त्याला आपापला कूम आठवला. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याच्याच पक्षाचा एक म्हातारा शेतकरी ठरावाच्या बाजूनं हात वर करता करता थांबला आणि त्याच हातानं त्यानं मान खाजवली. ठराव पडला.

संध्याकाळी झिवादिन रोसांदाबरोबर जेवायला बसला. ती घुश्शात होती, पण बीनची भाजी तिनं त्याला पोटभर वाढली होती. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच तो दुसऱ्यांदा मागून घेत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"मंत्रिपद गेलं," ओग्न्येन म्हणाला. "पक्षातून काढलंय. पुढच्या यादीत नाव नाही. नगराध्यक्षपदही महिन्याभरात काढून घेऊ. आता तू आहेस तरी कोण, गाढवा?"

झिवादिननं तोंडातला घास संपवला.

"कूम आहे मी," तो म्हणाला, "आणि तेही निवडून आलेला." मग त्याला खरंच बरं वाटलं, इतकं की शिवी देणाऱ्या माणसाचेही त्यानं मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला.