देवराईचा कोरा रकाना

खोटा आकडा लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडेन, हे पूवय्याचं ब्रीद. मडिकेरीजवळच्या कॉफी कंपनीत त्याने तीस वर्षं हिशेब सांभाळले, पण अंदाजपंचे दाहोदरसे असा एक आकडा टाकला नाही. लोक म्हणत, "याला बायकोचं वय विचारा, दाखला काढून आणेल!" अशा माणसाचं भलं व्हायला हवं ना? झालं नाही.

त्या वर्षी बेंगळुरूहून कंपनीचे वित्तप्रमुख रंगाचारी नवीच टूम घेऊन आले. जंगल, झरे, मधमाश्या मळ्याला फुकटात काय देतात त्याचे रुपये मांडायचे, आणि मग कुठलं रान ठेवायचं, कुठलं तोडायचं ते ठरवायचं. पूवय्या हरखला. मळ्याच्या माथ्यावर त्याच्या गावाची देवराई होती, कागदोपत्री मात्र कंपनीची. तिच्यातल्या झऱ्यावर गावची भातशेती पिकत होती, आणि त्याची अव्वा, म्हणजे आई, त्याखेरीज दुसरं पाणी तोंडाला लावत नव्हती. देवराई वाचवायची तर आत्ताच, असं त्याच्या मनाने घेतलं.

चार महिने तो राबला. आग्या माश्यांची पोळी मोजली, त्यांच्यामुळे कॉफीला किती फळ जास्त धरतं ते दहा वर्षांच्या तोडणीवरून काढलं. झऱ्याचा रकाना तेवढा राहिला. ते पाणी कुणी कधी मोजलं नव्हतं, विकत घेतलं नव्हतं.

"अव्वा, झऱ्याला काय भाव लिहू ग?" त्याने घरी विचारलं.

अक्की ओट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी, थापता थापता ती म्हणाली, "लिही, आणि त्याच्या शेजारी माझ्या दुधाचाही भाव लिही की! मी जाताना तोंडात तेच पाणी घाल म्हणजे झालं."

पूवय्याने रकाना कोरा सोडला.

बैठकीत पडद्यावर बेरीज आली. एकीकडे देवराईच्या लाकडाची किंमत, दुसरीकडे नुसत्या मधमाश्या. लाकूड जड झालं.

"साहेब, थांबा! झरा राहिलाय. तो रकाना कोरा आहे," पूवय्या ओरडला.

"कोरा म्हणजे शून्यच की हो!" रंगाचारी हसले. "बरं, किती धरू? बोला, आत्ता टाकतो."

सगळे त्याच्याकडे बघत होते. दहा लाख, वीस लाख, तोंडाला येईल ते बोलला असता तरी देवराई उभी राहिली असती. अरे, बोल की बाबा! पण तीस वर्षांची खोड ती.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" तो म्हणाला. "वर्षभर मोजू द्या."

"मोजा ना, कोण नको म्हणतंय?" म्हणत रंगाचारींनी तोडीच्या कागदावर सही ठोकली.

पुत्तरीचा, म्हणजे नव्या भाताचा सण झाला आणि करवती चालल्या. मार्चमध्ये झरा आटला. देवराईचा मानकरी चंगप्पा भर दुपारी पूवय्याच्या दारात येऊन थुंकला. "एकदा खोटं बोलला असतास तर जीभ झडली असती का रे? आग लागो तुझ्या खरेपणाला!" गावाला पाणी पुरवायला कंपनीने टँकर लावला.

एप्रिलमध्ये अव्वाने अंथरूण धरलं. शेवटचं जवळ आलं तसं पूवय्याने चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावलं. तिने ते जिभेवर घोळवलं आणि थुंकून टाकलं.

"टँकरचं पाजतोस होय रे मला?"

तो तांब्या घेऊन डोंगरावर धावला. तोडलेल्या बुंध्यांमधून वाट काढत झऱ्यापाशी पोचला आणि हातांनी चिखल उकरत बसला. नखं फुटली, तळाशी नुसती ओल लागली. पिळून थेंब निघावा इतकीही नव्हती. तेवढ्यात खालून गावातून बंदुकीचे दोन बार ऐकू आले. घरात माणूस गेलं की इकडे कोडगूत हवेत दोन बार काढतात. तांब्या कोरडाच होता.

अव्वाचे दिवस उरकून तो कामावर गेला, तर टेबलावर रंगाचारींची चिठ्ठी होती. टँकरच्या पाण्याची बिलं सोबत जोडली होती. "पूवय्या, हा खर्च कुठल्या रकान्यात दाखवायचा?"

पूवय्याने बिलांची बेरीज दोनदा ताडून पाहिली. मग जुना तक्ता काढला, झऱ्यापुढच्या कोऱ्या रकान्यात तो आकडा लिहिला, आणि नेहमीसारखी खाली सही केली.