खाटेवर कोण झोपणार

"शर्ट काढ आणि झोप."

मोठ्या सरांनी इतक्या डॉक्टरांमधून नेमकं माझ्याकडे बोट दाखवलं. आणीबाणीच्या आधीचं वर्ष. विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेशी उभं राहून कसं शिकवायचं, हे शिकायला आम्ही वाशिमकडच्या एका सरकारी दवाखान्यात जमलो होतो. दाखवायला रोगी म्हणून आमच्यातलाच एक हवा होता.

"मीच काहून?" माझ्या तोंडून गावाकडचीच बोली निघाली.

"तुमच्या लोकांना उघड्या अंगाची सवय असते."

सगळे हसले. धम्मदीक्षा घेतलेला माझा बाप इंझोरीत दुसऱ्याच्या वावरात उघड्या अंगानं राबला, म्हणून मी डॉक्टर झालो. तेच त्यांनी माझ्या तोंडावर मारलं. तरी मी झोपलो. शिकवण्याचा दाखला त्यांच्या हातात होता.

सर माझं पोट दाबत इंग्रजीत बोलत राहिले. माझ्याशी एक शब्द नाही. खाटेवरून डॉक्टर कसे दिसतात, ते तेव्हा कळलं. नुसत्या नाकपुड्या. मग त्यांनी साबण मागवला आणि कोपरापर्यंत हात धुतले. सकाळपासून कितीतरी रोगी तपासले होते. साबण माझ्यानंतरच आला.

दुपारी शिकवायची पाळी माझी. खाटेवर मंगरूळपीरकडची एक मजूर बाई, डाव्या बरगडीखालची पानथरी सुजलेली. भोवती विद्यार्थी. मागे सर.

मी वाकून विचारलं, "मावशी, पोट पाहू काय? या पोरायले शिकवाचं हाय."

"नोको बापा. सकायपासून समदेच दाबून राह्यले. लय दुखते मले."

मी तिचं पांघरूण नीट केलं. पोरांना म्हणालो, "त्या नाही म्हणाल्या. पुढं चला."

सर भडकले. "रोग्याला विचारायचं नसतं! पदर बाजूला कर."

माझं डोकं सटकलं.

"मंग तुमी झोपा, सर. काढा शर्ट. तुमच्या पोटावर शिकवतो याइले."

बाई पदराआड हसली.

सर दातओठ खात म्हणाले, "तू शिक्षक होऊच शकत नाहीस."

दाखला मिळाला नाही. नाही तर नाही. शहरातली पोरं शिकायला खेड्यातल्या दवाखान्यात येतात, तेव्हा वॉर्डातला डॉक्टर मीच असतो. दरवेळी आधी मी स्वतः शर्ट काढून खाटेवर झोपणार. मला विचारल्याशिवाय जो हात लावील, त्याचा हात झटकणार. पोरगा मोठ्या घरचा असला, तर जरा जास्तच जोरात.