बजबजचं हिरवं मैदान

कोलकात्याजवळ, बजबजच्या पुढे, दोन हजार फूट उंचीवर मी विमानाचा थ्रॉटल मागे ओढला. "इंजिन गेलं. आता?"

इंजिन खरं बंद पडत नाही, फक्त मंदावतं. विद्यार्थ्याने उतरायला जागा निवडायची आणि विमान तिकडे न्यायचं. पाचशे फुटांवर आम्ही पुन्हा पॉवर देऊन वर येतो. त्यावरून 'जजमेंट'च्या रकान्यात मी मार्क देते. हा चेक पास झाल्याशिवाय माझ्या शेजारच्या पौलमीला एकटीने लांबचं उड्डाण करता येणार नव्हतं, आणि आधी एकदा मी तिला नापास केलं होतं.

तिने डावीकडचं कापणी झालेलं, चिंचोळं शेत धरलं.

"उजवीकडे एवढं हिरवंगार मैदान दिसत नाही?"

"दिसतंय, मॅडम."

"मग?"

ती गप्प. मनातल्या मनात मी तिला दहापैकी तीन दिले आणि "माय कंट्रोल" म्हणून विमान स्वतःच्या हातात घेतलं. हिरवळीकडे वळवत प्रवचनही सुरू केलं: जागा सपाट हवी, लांब हवी, तारा नकोत. सहाशे फुटांवर माझ्या मैदानाच्या मधोमध एक माणूस दिसला. होडीत उभा होता.

जलपर्णीने गच्च भरलेलं तळं. जन्म कोलकात्यातला, बावीस वर्षं इथेच विमान शिकवतेय, आणि तळ्यात उतरायला निघाले होते. निमूट पॉवर दिली. बेहालाच्या आमच्या धावपट्टीवर उतरेपर्यंत प्रवचन बंद.

"तुला माहीत होतं?"

"हो मॅडम. मी बजबजचीच."

"मग बोलली का नाहीस?"

"मागच्या चेकला बोलले होते. तुम्ही लिहिलंत, 'इन्स्ट्रक्टरशी वाद घालते.'"

फाइल काढली. अक्षर माझंच होतं.

चीफ इन्स्ट्रक्टरना सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "देशपांडे, पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही, सर. जागेचे तिला पूर्ण मार्क देते."

"द्या. पण गप्प बसली त्याचं काय? उद्या शेजारचा कॅप्टन चुकला तरी गप्पच बसेल."

"ते मीच शिकवलंय, सर."

"मग तुम्हीच विसरायला लावा."

दोन दिवसांनी पुन्हा उडालो. हाय-टेन्शन तारांखालचं एक शेत दाखवून मी म्हटलं, "ते घे."

"नाही मॅडम! तारा!" हेडसेटमध्ये ती एवढ्या जोरात ओरडली की माझ्या कानाला दडे बसले. पास केली.

तेव्हापासून प्रत्येक चेकमध्ये मी एक तरी चुकीची जागा दाखवते. पोरांना वाटतं, मॅडम मुद्दाम परीक्षा घेतायत. दर वेळी मुद्दाम असतंच असं नाही.