रेडिएटरवरची चुनरी

१. आज सकाळी गंगेपलीकडच्या रेतीवर एटीव्हीची, म्हणजे जाड चाकांच्या चौचाकी बाईकची, चाचणी घेतली.
२. मऊ रेतीत गाडी कुठेही रुतली नाही.
३. परतताना तापमानाचा लाल दिवा लागला. मी इंजिन बंद केलं.

शनिवारी दादा, म्हणजे माझा चुलत भाऊ, आणि मी विंध्याच्या जंगलवाटांवर निघणार आहोत. लाल दिवा पाहून तो वैतागला. "मशीनच बेकार आहे. ट्रिप कॅन्सल!"

मी वाकून पाहिलं. काल काकूने पूजा करून पुढच्या जाळीवर देवीची चुनरी बांधली होती, चांगली दुहेरी. रेडिएटरला हवाच मिळत नव्हती. चुनरी सोडली, इंजिन थंड होऊ दिलं आणि तीच फेरी पुन्हा मारली. दिवा लागला नाही.

घरी येऊन काकूला सांगितलं, रेडिएटरच्या पंख्याला हवा लागते, चुनरी पुढे नको.

"इंजिनियरबाई, रस्त्यात रक्षा कोण करणार? तुझा पंखा? चुनरी नसेल तर माझा मुलगा जाणार नाही."

ती हसत नव्हती. दादा बाईकवरून पडला, त्या वेळी पूजा राहिली होती. तेव्हा ती किती रडली, ते मी पाहिलंय.

तेव्हापासून गाडीभोवती फिरतेय. मागच्या कॅरियरवर बांधली तर चाकात जाईल, खाली लोंबली तर सायलेन्सरवर जळेल.

लांबच्या कच्च्या वाटांवर एटीव्ही नेणाऱ्यांनो, तुम्ही चुनरी कुठे बांधता? "बांधूच नका" हे उत्तर नको. गुरुवारपर्यंत कळवा, फोटोसह. काकूला दाखवायचाय.