जॉयसबाईंच्या पणजोबांचं मत

शहराचं नाव नको. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगहून ट्रेननं जाता येतं, एवढं पुरे. तिथल्या इतिहास मंडळात उल्हासराव निवृत्तीनंतर जाऊ लागले. नोकरी पोलादाच्या कारखान्यात झाली, ओळखी तिथेच झाल्या आणि तिथेच राहिल्या. मंडळातही खुर्च्या मांडणं, कप विसळणं यापलीकडे त्यांना कुणी काही विचारत नसे. आणि यंदा अध्यक्ष जॉयसबाई म्हणाल्या, "उल्हास, त्या जुन्या महापौर निवडणुकीवर तू बोल. जमलं, तर पुढे पाहुण्यांना शहर दाखवायचं काम तुझंच."

त्या रात्री त्यांना आनंदानं झोप आली नाही, आणि मग काळजीनं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची, राणीच्या राज्यातली ती निवडणूक जॉयसबाईंच्याच पणजोबांनी जिंकलेली. तेव्हा नगरसेवकच आपल्यातून महापौर निवडत. मतं समसमान पडली. मावळते महापौर म्हणून पणजोबा अध्यक्षस्थानी होते. त्यांनी निर्णायक मत स्वतःलाच दिलं. बाहेर लोकांनी अंडी फेकली.

"हे तिच्या तोंडावर सांगणार?" सुहासिनीबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं. "अहो, कुणाच्या वाडवडिलांचे असे वाभाडे काढतात का? तेही त्यांनीच बोलावलेल्या सभेत!"

"इतिहास आहे गं तो."

"असू दे. पणजोबा गेले, बाई समोर बसणार आहे."

उल्हासराव मुळातच भिडस्त. सभेत त्यांनी पणजोबांचे रस्ते, गटारं, बागा रंगवून सांगितल्या. मागून एकानं विचारलं, "पण दोस्ता, म्हातारा निवडून आला कसा?"

जॉयसबाई टक लावून पाहत होत्या. उल्हासरावांनी नजर हातातल्या कागदाकडे वळवली.

"बहुमतानं."

सभागृहात हशा पिकला. जॉयसबाई उठल्या. "एका मतानं, आणि ते मत त्याचंच! लबाड होता माझा पणजोबा. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

चहाच्या वेळी त्यांनी उल्हासरावांना बाजूला घेतलं. "आमच्यातलं कुणी बोललं की जुनी वैरं निघतात. तुझं इथे कुणाशी नातं नाही, वैर नाही. तू खरं ते सांगशील, म्हणून तुला निवडलं होतं."

"सॉरी, जॉयस."

"नो वरीज," म्हणून त्यांनी पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्यातच उल्हासरावांना कळलं, पाहुण्यांना शहर दाखवायचं ते काम आता दुसऱ्याकडे जाणार.

घरी सुहासिनीबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाली? वाईट नाही ना वाटलं तिला?"

"नाही. छान झालं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्या खुशीत आत गेल्या. उल्हासराव बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसले.