मामांच्या डोक्यातला डावा भाग

माझ्या बायकोच्या मामांच्या तावडीतून सुटलेला एकही छापील कागद अख्ख्या बेंगळुरूत नसेल. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. लग्नपत्रिका आली की लाल पेनाने तपासून परत पाठवायची, आणि दुरुस्ती झाली का हे नवऱ्या मुलाला थेट मांडवात गाठून विचारायचं. मल्लेश्वरममधल्या एका हॉटेलात ते मेनूकार्ड तपासत बसले, तेव्हा इडली गार झाली आणि मालकाने येऊन हात जोडले. त्यांचं घराणं शेकडो वर्षं इकडचं आणि मी पुण्याचा, त्यामुळे माझं मराठी त्यांना कायम संशयास्पद. "जावईबापू, तुमच्या पुण्यात भाषा स्वल्प बिघडली बघा," असं ते मला शुद्ध मराठीत सांगत.

गेल्या वर्षी एका सकाळी पेपर तपासता तपासता त्यांच्या उजव्या हातातलं पेन गळून पडलं. मामींनी काय झालं विचारलं, तर तोंडातून नुसते भलतेच आवाज. पाच-सात मिनिटांत सगळं पूर्ववत झालं आणि मामांनी निकाल दिला, "घसा सुकला होता. कॉफी दे." मामी जन्मात कधी त्यांना उलट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी कॉफी दिली नाही. मला फोन केला. "गाडी घेऊन या. ते नको म्हणतील, ऐकू नका."

इस्पितळात एमआरआय ठरला. हाताच्या शिरेतून औषध सोडून मेंदूत रक्त कुठे, किती वेगाने पोचतं ते बघायचं होतं. मामांनी आधी संमतीपत्रातल्या चार चुका काढल्या. यंत्राजवळ धातू चालत नाही म्हणून पेन मागितलं, तर नेसतं धोतर मागितल्यासारखा चेहरा केला. "हलायचं नाही, बोलायचं नाही," असं तिथल्या बाईंनी बजावून दोन मिनिटंही झाली नसतील, तोच आतून आवाज आला, "अक्का, इथल्या सूचनेत एक अक्षर कमी आहे!" तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला रंगीत चित्र दाखवलं. उजवी बाजू सगळी निळी, डाव्या बाजूला मोठा लाल पट्टा. "इथे रक्त पोचतंय, पण उशिरा. मानेतली धमनी अरुंद झालीय."

"चित्रात चूक असेल," मामा म्हणाले.

"असू शकते. म्हणून मानेची वेगळी तपासणी केली. तीही हेच सांगते. धमनी लवकर साफ करायला हवी. पुढच्या वेळी हे पाच मिनिटांत थांबेलच असं नाही."

मामांनी चष्मा वर करून चित्र पुष्कळ वेळ न्याहाळलं. मग कानडीत "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि शस्त्रक्रियेच्या कागदावर न वाचता सही केली. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढलं, तर दोन्ही बाजू निळ्या. परतताना हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली. मामा खाली तळ्याकडे बघत होते.

"त्या सकाळी ही समोर उभी होती," ते एकदम म्हणाले, "आणि मला हिचं नाव येईना. हिला वाटलं, मी पाणी मागतोय. मी नाव घेऊन बघत होतो हो."

घरी पोचलो तर मामी दारातच. आजवर त्यांना "अगं" म्हणणाऱ्या मामांनी चपला काढायच्या आधी हाक मारली, "सुमती."

मामी गोंधळल्या. "काय हवंय?"

"काही नाही," मामा म्हणाले, आणि तसेच उंबऱ्याशी उभे राहिले.